रुग्ण : द्वितीय पुरुष, एकवचन

ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ने, म्हणजे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने, लोकसभा सचिवालयाला एक पत्र पाठवले. खासदारांवरील उपचारांसाठी त्यात एक खास कार्यपद्धती आखून दिली होती. रुग्णालय-प्रशासनातला एक अधिकारी नियंत्रणकक्षात चोवीस तास हजर राहील, खासदारांच्या वतीने फोन आला की संबंधित तज्ज्ञाशी गाठ घालून देईल, वगैरे वगैरे. डॉक्टरांच्या संघटनांनी ही ‘व्हीआयपी संस्कृती’ असल्याचे म्हणत कडाडून विरोध केला आणि काही दिवसांतच ते पत्र मागे घेण्यात आले. वृत्तपत्रांच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. आम्हांला मात्र ते तेथून पुढे विचार करण्याजोगे वाटते. कारण त्या वादात विरोधक व समर्थक या दोघांनीही एक गोष्ट निमूटपणे गृहीत धरली होती. ती अशी की, खास व्यवस्थेमुळे खासदाराचे भले होते. ते भले न्याय्य की अन्याय्य, एवढाच प्रश्न मग शिल्लक राहिला. आमचा प्रश्न त्याआधीचा आहे. मोठ्या माणसाला मोठा माणूस म्हणून तपासल्याने त्याचे खरोखर भले होते काय?

मराठी शिकवणाऱ्यांनी हा अव्यापारेषु व्यापार कशाला करावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर अभ्यासक्रमातच आहे. २०१९ पासून वैद्यकीय पदवीचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात पहिल्या महिन्याच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेचे शिक्षण आले, आणि वृत्ती, नीती व संवाद यांचे स्वतंत्र पाठही पुढे आले. म्हणजे डॉक्टर घडवण्यात भाषेच्या मास्तरांचा थोडा वाटा असावा, हे शासनानेच मान्य केले आहे. आम्ही शिकवतो ती महाविद्यालये डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी ज्याची पायाभरणी झाली त्या, शहात्तर हजार कोटींहून अधिक खर्चाच्या वाढवण बंदराची ही जागा. बंदर झाले की जहाजांमागून शिष्टमंडळे येणार, परदेशी वकिलातींचे लोक येणार, मंत्रालयातले सचिव येणार. ‘मग अशा लोकांना सांभाळू शकतील असे प्रशिक्षित डॉक्टर इथे लागतील’ असे उद्गार आम्ही अलीकडे एकाहून अधिक वेळा ऐकले. बंदराला ज्यांचा विरोध आहे त्यांच्या तोंडून नव्हेत, हे सांगायला नको.

अशा प्रशिक्षणाची कल्पना नवीन नाही. सोव्हिएत आरोग्य मंत्रालयाचे ‘चौथे मुख्य संचालनालय’ केवळ राज्यकर्त्यांच्या प्रकृतीसाठी होते. त्याची रुग्णालये वेगळी, औषधे वेगळी, डॉक्टर पारखून घेतलेले. मॉस्कोतले लोक त्याविषयी कुजबुजत थट्टा करीत की, तिथली फरशी लाकडी नक्षीची आणि डॉक्टर अर्ज पाहून निवडलेले! आपल्याकडे राष्ट्रपतींची प्रकृती पाहण्याचे काम लष्करी वैद्यकीय सेवेकडे असते. त्या सेवेतल्या वरिष्ठांना ‘राष्ट्रपतींचे मानद शल्यचिकित्सक’ असा मान मिळतो, आणि त्यांच्यापैकी अनेकांचे शिक्षण १९४८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातले असते. जिल्ह्याच्या पातळीवर हेच काम लहान स्वरूपात चालते. अतिविशिष्ट व्यक्तीचा दौरा ठरला की ताफ्यात रुग्णवाहिका, तिच्यात तज्ज्ञ, जवळ जुळणाऱ्या गटाचे रक्त, आणि वाटेवरचे एखादे रुग्णालय राखीव. अशा बंदोबस्तावर लावलेला एक तरुण डॉक्टर आमच्याशी बोलताना त्या कामाला सहज ‘वेठ’ म्हणून गेला. ज्या तालुक्यात १९४५ साली वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला, गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्या भूमीतून आले, तेथे उभा राहून आपण हा शब्द वापरतो आहोत याची त्या मुलाला कल्पना नव्हती. असो.

राष्ट्रप्रमुखाचा जीव हा त्याच्या एकट्याचा नसतो, त्याच्या मृत्यूने राज्य डळमळते, म्हणून रुग्णवाहिका आणि रक्त तयार असावे, याला आमचा आक्षेप नाही. परदेशी वकिलाच्या बाबतीत तर १९६१ च्या व्हिएन्ना करारान्वये त्याची व्यक्ती अनुल्लंघनीय मानली आहे. त्याला त्याच्या संमतीवाचून कोठे आणि कितपत हात लावता येतो, हे डॉक्टरला माहीत असलेच पाहिजे. हे शिकायला एक दुपार पुरे. आमचा आक्षेप आहे तो तेथून पुढे जाऊन, ‘मोठ्यांशी कसे वागावे’ हे वैद्यकाचे एक वेगळे अंग आहे असे मानण्याला.

वॉल्टर वाइनट्रॉब नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६४ साली या दुखण्याला ‘व्हीआयपी सिंड्रोम’ असे नाव दिले. दुखणे रुग्णाचे नव्हे, त्याच्याभोवतीच्या रुग्णालयाचे. प्रतिष्ठित माणूस दाखल झाला की नेहमीची घडी मोडते. जो प्रश्न सर्वांना विचारतात तो त्याला विचारायचा संकोच, जी नकोशी तपासणी सर्वांची करतात ती त्याची टाळायची, सर्वांत अनुभवी हातांऐवजी सर्वांत उच्चपदस्थ हातांनी सुई टोचायची. ज्येष्ठ विभागप्रमुखाने शीर शोधून सुई टोचल्याला वीस वर्षे झालेली असतात. पण रुग्ण मोठा, म्हणून परिचारिका मागे उभी राहते आणि प्रमुख पुढे होतात.

याची इतिहासातली ठळक कथा अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांची. २ जुलै १८८१ रोजी त्यांना गोळी लागली आणि १९ सप्टेंबरला ते मरण पावले. मधले अडीच महिने देशातले नामांकित डॉक्टर न धुतलेली बोटे व सळ्या जखमेत घालून गोळी शोधत राहिले. प्रमुख चिकित्सक होते ब्लिस. (यांचे पाळण्यातले नावच ‘डॉक्टर’ असे होते! नावाचा महिमा शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडावे.) दूरध्वनीवाले ग्रॅहम बेल धातू शोधण्याचे यंत्र घेऊन आले, तेव्हा ब्लिस यांनी त्यांना शरीराची उजवी बाजूच तपासू दिली, कारण गोळी उजवीकडे असल्याचे त्यांनी जाहीर करून ठेवले होते. ती डावीकडे होती. रुग्ण मोठा असला की निदानही पद धारण करते, आणि मग त्याला कोणी आव्हान देत नाही.

रशियातली गोष्ट याहून करडी आहे. स्टालिनचे वैयक्तिक चिकित्सक विनोग्रादोव यांनी त्याला कामाचा भार उतरवण्याचा सल्ला दिला. पुढे ते ‘डॉक्टरांच्या कटा’च्या बनावात तुरुंगात गेले. मार्च १९५३ मध्ये स्टालिन पक्षाघाताने कोसळला, तेव्हा त्याची प्रकृती जाणणारा डॉक्टर कोठडीत होता. खरे सांगणाऱ्याचे काय होते हे उरलेल्यांनी पाहिलेले होते. उत्तम फरशी, उत्तम औषधे, निवडक डॉक्टर, सगळे होते. ‘तुम्ही ऐकले नाहीत तर मराल’ हे वाक्य बोलता येण्याची सोय मात्र नव्हती.

आता आपल्याकडच्या एका जुन्या प्रकरणाकडे येऊ. वैद्यक आणि वकिलात यांचे नाते या देशात इंग्रजी सत्तेइतकेच जुने आहे. १७१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची वकिली घेऊन सुरमन दिल्लीला गेला, त्याच्यासोबत हॅमिल्टन नावाचा शल्यवैद्य होता. त्याने बादशहा फर्रुखसियरला बरे केले. १७१७ चे व्यापारी सवलतींचे फर्मान मिळण्याशी त्या उपचाराचा संबंध इतिहासकार कमीअधिक जोडत आले आहेत. बादशहा त्याला सोडायलाच तयार नव्हता. परत येण्याच्या वचनावर त्याची सुटका झाली आणि त्याच वर्षी कलकत्त्याला तो वारला. मोठ्यांचा डॉक्टर स्वतःच ओलीस कसा होतो, याचे हे पहिले उदाहरण म्हणावे लागेल.

पण आम्हांला सांगायचे आहे ते पुण्याचे. १७८६ पासून चार्ल्स मॅलेट हा पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा वकील होता आणि संगमावरच्या रेसिडेन्सीच्या परिवारात इंग्रज शल्यवैद्य होते. त्यांची नेमणूक कोणासाठी, हे उघड आहे. वकील, त्याचा परिवार, आणि गरज पडली तर मैत्रीखातर दरबारातली बडी मंडळी. आजच्या भाषेत सांगायचे तर उच्चपदस्थ व राजनैतिक व्यक्तींची वैद्यकीय सेवा. परंतु ज्या गोष्टीमुळे पुण्यातले हे दोघे, क्रूसो आणि फिंडले, वैद्यकाच्या इतिहासात टिकले, ती कोणा बड्या रुग्णाची नाही. इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा कुणबी १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्याने त्याला नवे नाक बसवले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने घडवायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याभोवती रेघ मारून तेवढी कातडी सोडवायची, दोन भुवयांमधला एक धागा मात्र जिवंत ठेवायचा, आणि ती कातडी फिरवून खाली बसवायची. वर ओल्या काताचा लेप, चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या पट्ट्या, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ फडके. या दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया पाहिली. तिचे वर्णन आणि जेम्स वेल्सने काढलेल्या चित्रावरचे कोरीवचित्र ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले. १८१४ मध्ये कार्प्यू याने लंडनला तशी शस्त्रक्रिया केली, आणि आजची प्लास्टिक सर्जरी आपली वंशावळ तेथपर्यंत नेते.

त्या लेखात बैल हाकणाऱ्याचे नाव ‘कावसजी’ असे छापले आहे. मराठा कुणब्याचे हे नाव असेल यावर आमचा विश्वास बसत नाही. इंग्रजी कानांनी काय ऐकले आणि काय लिहिले, कोण जाणे. नाक घडवणाऱ्याचे तर नावच त्यात नाही, फक्त जात आहे. तरीही एवढे खरे की, वकिलासाठी नेमलेले डॉक्टर वकिलातीच्या आवाराबाहेर गेले, विटा पाडणाऱ्याच्या कामाशेजारी उभे राहिले आणि त्यांनी पाहिले. त्यांच्या पदाने त्यांना हे शिकवले नव्हते. किंबहुना पदाच्या मर्यादेत ते राहिले असते तर मॅलेटसाहेबांच्या सर्दीपडशापलीकडे त्यांच्या हाती काही लागले नसते.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे व्याकरणाकडे, वळतो. मराठीत समोरच्याला हाक मारण्याची तीन सर्वनामे आहेत: तू, तुम्ही, आपण. परीक्षेत आम्ही ही तीन सर्वनामे आदराच्या चढत्या क्रमाने लिहायला सांगतो. रुग्णालयात मात्र चौथा प्रकार चालतो, आणि तो कोणत्याही व्याकरणात नोंदलेला आमच्या पाहण्यात नाही. उच्चाधिकाऱ्याला तपासताना डॉक्टर त्याच्याच तोंडावर विचारतो, “साहेबांना रात्री झोप लागली का?” उत्तर स्वीय सहायक देतो, “साहेब उशिरा झोपतात.” “साहेब घेतात का?” “अधूनमधून, पार्टीत.” साहेब खाटेवर आहेत, शुद्धीवर आहेत, आणि वाक्यात ते तृतीय पुरुषी आहेत. व्याकरणाच्या दृष्टीने तृतीय पुरुष म्हणजे जो संभाषणात हजर नाही तो.

आता याच्या दुसऱ्या टोकाला चला. आमच्या एका वारली विद्यार्थिनीची आई पोटदुखीसाठी रुग्णालयात गेली. कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही. मुलीची परीक्षा होती म्हणून पुतण्या सोबत होता. डॉक्टरने त्याला विचारले, “हिला किती दिवसांपासून आहे? हिचं जेवण कसं आहे?” पुतण्याने त्याला ठाऊक होते तेवढे सांगितले. अंगावर जाते आहे, हे ती बाई त्या पोरासमोर बोलणे शक्य नव्हते, आणि तिला थेट कोणी विचारलेच नाही. पोटदुखीच्या गोळ्या घेऊन ती परत आली. असे दोनदा झाले. तिसऱ्या खेपेस मुलगी तिला सिल्वासाला घेऊन गेली, तेव्हा कुठे तपासणी झाली. तेथेही भाषा हिंदी-गुजराती, परंतु परिचारिकेने मुलीला बाहेर बसवले आणि बाईकडे तोंड करून खुणांनी का होईना, तिला विचारले.

एकाला ‘साहेबांना’ आणि दुसरीला ‘हिला’. एकीकडे अनेकवचन आहे, दुसरीकडे एकवचन. पण पुरुष एकच, तृतीय. दोघेही आपल्याच आजाराच्या संभाषणात गैरहजर. तुलना येथेच थांबवली पाहिजे, कारण साहेबांना दुसरे मत, तिसरे मत, मुंबई, दिल्ली सर्व खुले असते आणि त्या बाईला नसते. पण डॉक्टरच्या शिक्षणाचा विचार करताना ही सारखेपणाची खूण महत्त्वाची आहे. रुग्णाची हकिकत मिळवणे हे निदानाचे सर्वांत मोठे साधन आहे असे वैद्यकाचे शिक्षक पिढ्यानपिढ्या सांगत आले. हकिकत प्रथम पुरुषात असते. ‘मला होते’ असे म्हणायला कोणीतरी आधी ‘तुम्हांला काय होते?’ असे विचारावे लागते. एवढ्या साध्या वाक्यात दोन्ही टोकांचे रुग्ण माणसांत परत येतात. म्हणून उच्चपदस्थांसाठी डॉक्टर तयार करायचेच असतील, तर त्यांचे शिक्षण तलासरीच्या बाह्यरुग्ण विभागात व्हावे, असे आम्ही म्हणतो ते उपरोधाने नव्हे. ज्याला वारली बाईला द्वितीय पुरुषात बोलवता आले, त्याला सचिवालाही ‘तुम्ही किती पिता?’ असे विचारता येईल. जो सचिवाच्या संकोचाने गप्प राहायला शिकला, तो बाईच्या बाबतीतही गप्पच राहील. फक्त तेथे त्या गप्पपणाला संकोच न म्हणता घाई म्हणतील.

मराठी व्याकरण आणि मराठी वैद्यक ही दोन घराणी परकी नाहीत, हे येथे सांगायला हवे. १८३६ मध्ये आपल्या भाषेचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झालेले आत्माराम पांडुरंग हे सख्खे भाऊ. धाकट्याने पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन केला आणि १८७९ मध्ये तो मुंबईचा नगरपालही झाला. दोघे एका घरात वाढले. पण एकाचे पुस्तक दुसऱ्याच्या महाविद्यालयात कधी लागले नाही.

आमच्या या म्हणण्यावर एका डॉक्टर मित्राने आक्षेप घेतला. तो म्हणाला, “तुमचे सर्वनाम ठीक आहे, पण बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी शेकडा माणसे असतात. मला वेळ द्या, मग मी सर्वांना ‘आपण’ म्हणेन.” आक्षेप खरा आहे. आदर हा वेळेचाही प्रश्न असतो, आणि वेळ मनुष्यबळाचा. ४ सप्टेंबर २०२२ च्या दुपारी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. दोघे मृत्युमुखी पडले. गाडीतल्या माणसांना कासा येथील सरकारी रुग्णालयात आणले गेले. जखमींना तेथून गुजरातेत वापीला आणि मग मुंबईला न्यावे लागले. देशातल्या अतिश्रीमंत घराण्यातला माणूस आणि मोटारसायकलवरून पडलेला पाड्यावरचा पोरगा यांच्यासाठी त्या रस्त्यावर पहिला दरवाजा एकच आहे. त्यानंतर महिनाभर चर्चा झाली ती मागच्या आसनावरच्या पट्ट्याची आणि पुलाच्या रचनेची. कासाच्या दरवाजाआड काय असावे, याची चर्चा आमच्या वाचनात फारशी आली नाही. उद्या बंदराकडे निघालेल्या एखाद्या वकिलातीची गाडी त्याच महामार्गावर उलटली, तर तिच्यातल्या माणसालाही आधी तेथेच आणतील. त्याच्यासाठी खास शिकवलेला डॉक्टर तेव्हा मुंबईत असेल.

आमच्या हातात मनुष्यबळ नाही, शब्द आहेत. म्हणून यंदा द्वितीय वर्षाच्या मुलांना आम्ही एक काम दिले आहे. वारली, मांगेली आणि वाडवळी बोलींतले शरीराचे, दुखण्याचे, लाजेचे शब्द घरोघर जाऊन उतरवून आणायचे, आणि या भागात नेमणुकीवर येणाऱ्या नव्या डॉक्टरांना देता येईल अशी लहान पुस्तिका करायची. शब्द येत आहेत. अडले आहे ते सर्वनामावर. पाड्यावरून आलेला आमचा विद्यार्थी पहिल्या वर्षी प्राध्यापकालाही ‘तू’ म्हणतो. त्याच्या बोलीत मोठ्या माणसासाठी वेगळे सर्वनाम राखून ठेवलेले नाही, कलेक्टरही ‘तू’ आणि आजीही ‘तू’. मग डॉक्टरने तिच्याशी बोलताना तिचेच ‘तू’ उचलावे, की प्रमाण मराठीतले ‘तुम्ही’ वापरावे? आमच्यातला एक जण म्हणतो, तिच्या भाषेतला ‘तू’ समतेचा आहे, तोच घ्यावा. दुसरा म्हणतो, तिच्या तोंडचा ‘तू’ समतेचा असेल, पण डॉक्टरच्या तोंडून तिने आजवर ऐकलेला ‘तू’ वेगळा आहे, आणि तिला तो फरक बरोबर कळतो. मुलांची मतेही अशीच विभागलेली आहेत. पुस्तिकेचे पहिले वाक्य त्यामुळे अजून लिहून झालेले नाही.